मनकर्णाचा हंडा रांगेतून पडला तवा

मित्रांनो, मी जुना जर्मनचा हंडा हाय. अंगाला पोचे, बुडाला डाग दिलेला. आता गोठ्यात पडून असतो, कोंबडी माझ्यात अंडी घालती. पर माझे बी दिस होते. पाटोद्याच्या बाजारात मनकर्णानं मला बोटानं वाजवलं आन् म्हनली, "खनखनीत हाय." तवापून तिच्या डोक्यावर लई फिरलो.

मनकर्णा आदी मिशनच्या दवाखान्यात झाडू मारायची. तिथं तिनं येशूच्या गोष्टी ऐकलत्या, त्यो सुताराच्या घरी वाढला, सुतारकी करायचा, ह्ये बी.

तेरा सालच्या दुष्काळात नेकनूरकडच्या आमच्या गावात दूध सोसायटी टँकर आनायची. दिवसाला एकच. बायका रांगेत भांडी ठिवून घरी जायच्या. वाऱ्यानं हालू नये म्हनून भांड्यात दगड टाकायच्या. नियम असा, की रांगेतून पडलेलं भांडं शेवटाला जायचं. आन् शेवटाला पानी पोचतच नव्हतं.

एकदा रांगेत मनकर्णा म्हनली, "भामाबाई, येशू आता असता तर कुठं ऱ्हायला असता गं?"

भामाबाईची जीभ तिखट. "पुन्यात, फ्लॅटात! हितं कशाला येईल, फुफाटा खायाला?"

सोसायटीचे चेअरमन सुंदरराव हसले. "आला तर नंबर लावू द्या त्येला बी. वशिला चालायचा न्हाई."

त्याच आठवड्यात मनकर्णाच्या नातवाला जुलाब लागले. सहा महिन्याचं लेकरू. डोळे खोल गेलते, सकाळपून लघवी न्हाई. डॉक्टरनं मीठ-साखरेच्या पावडरीचं पाकीट दिलं, म्हनला, "उकळलेल्या पान्यात कालवून घोट घोट पाजा, थांबू नका." पर घरात तांब्याभर पानी न्हाई. साऱ्या गल्लीत रांजन उपडे.

मनकर्णानं मला नवव्या नंबरला ठिवलं. तेवढ्यात सुनेनं हाक मारली, ती तशीच पळाली. दगड टाकायचा राहिला. वावटळ आली आन् मी गडगडत सडकंवर गेलो. मित्रांनो, रिकामं भांडं किती हलकं असतं त्ये मला त्या दिवशी कळलं.

ती आली तवर बाकीची भांडी म्होरं सरकलती.

"आज तेवढं घ्या वो साहेब, लेकरू सुकायलंय," ती म्हनली.

"बाई, नियम मोडला तर उद्या डोकी फुटतील," सुंदरराव म्हनले.

भामाबाईनं तोंड फिरवलं. "माझ्या घरी बी म्हातारा हाय."

सोसायटीच्या हापिसाचं दार बसवायला चौसाळ्याचा राधाकिशन सुतार आलता. सोसायटीचं काम म्हनून त्येची बादली चेअरमननं सगळ्यात म्होरं ठिवलती. ह्ये समदं ऐकून त्यो अंगाचा भुसा झाडत हापिसाच्या पायरीवरून खाली आला. बादली उचलली, शेवटाला नेली, आन् तिच्या जागी मला ठिवलं.

"काय करतो बे?" सुंदरराव वरडले.

"नंबर माझा हाय ना? मग त्यात कोनाचं भांडं ठिवायचं, त्ये मी बघन."

"आन् तू काय पिशील?"

"ऱ्हाईन की रांगेत."

टँकरचा पाइप पयल्यांदा माझ्यात आला. काठोकाठ भरलो. राधाकिशनच्या आदी चार भांडी उरली तवा पानी सरलं. त्यो सुक्या तोंडानं रंधा मारायला बसला. मनकर्णानं तांब्या म्होरं केला.

"दादा, घोटभर घ्या."

"आदी लेकराला, अक्का. जावा."

दुपारभर ती चमच्यानं पाजत बसली. दिस कलताना लेकरानं झोळी ओली केली. मनकर्णानं त्या ओल्या फडक्यात तोंड घातलं आन् मोठ्यानं रडली. भामाबाई उंबऱ्यात येऊन हुबी राहिली. मग आत आली. झोळीला झोका देत बसली.

दार बसवून सुतार निघून गेला. त्येला येशूची गोष्ट ठावी होती का न्हाई, त्ये मला म्हाईत न्हाई. मी हंडा, मला पान्याचंच कळतं.

पर मित्रांनो, एक इनंती हाय. कुनाचं भांडं रांगेतून पडलेलं दिसलं, तर नियम मागून सांगा. आदी इचारा, घरात कोन आजारी हाय.