शांत कार्ड

मशीन आवाज करायला लागलं की ते आजारी असतं, हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आलोय. माझा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. गिऱ्हाईक मशीन आणून ठेवतं आणि काय बिघडलंय त्याची कहाणी सांगायला बसतं. मी म्हणतो, तुम्ही जरा गप्प बसा, मशीनला बोलू द्या. मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला लावायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि चाक हळूहळू फिरवायचं. आत कुठे घासतंय, कुठे ढिलं झालंय, सगळं त्या मुठीतून कळतं. या कानांवर घर चाललं. त्यामुळे कानांचा मला चांगलाच माज होता, आणि त्या माजापायी मी काय करून ठेवलं तेच सांगायला बसलोय.

माझी मुलगी सव्वीस वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिल्ली म्हणायला लागलो, ते अजून सुटलेलं नाही. तिला स्नायूंचा आजार आहे. बाराव्या वर्षी जिना सुटला, सोळाव्या वर्षी चालणं सुटलं. आता उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं नीट चालतात, आणि तेवढ्यावर ती आम्हा दोघांपेक्षा जास्त डोकं चालवते. पाठ फार वेळ सरळ राहत नाही म्हणून डॉक्टरांनी खुर्चीत बसायला दिवसाचे दोनच तास दिलेत. सकाळी दहाला मी आणि तिची आई तिला उचलून खुर्चीत बसवतो, बाराला परत पलंगावर. मधले दोन तास तिचे. त्या वेळात पाहुणा आला तर आमची ही त्याला दारातूनच वाटेला लावते.

त्या दोन तासांत ती इमारती बांधते. म्हणजे काँप्युटरवर. बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या एक बाई आहेत, त्या नकाशे पाठवतात, आणि टिल्ली त्यावरून अजून न झालेल्या इमारतीत आपल्याला आतून फिरवून आणते. भिंतीवर ऊन कुठून पडेल, दार उघडल्यावर समोर काय दिसेल, सगळं. एखादा बदल केला की काँप्युटर ते चित्र नव्याने तयार करतो, त्याला वेळ लागतो. त्याला आमच्याकडे चित्र शिजणं म्हणतात. त्या वेळी तिच्या हातात एका शाळेचं काम होतं. चार मिनिटांची फिल्म करायची, महिनाअखेरीला शाळेची मंडळी ती बघणार, आणि आवडली तर बाई तिला कायमची कामावर घेणार. आणि नेमकं त्याच वेळी काँप्युटरमधलं, हे चित्र शिजवणारं जुनं ग्राफिक्स कार्ड जळालं. खोलीभर रबर जळाल्याचा वास, आणि पडदा काळा.

माझा भाचा एका कचेरीत काँप्युटर सांभाळतो. पस्तिशीचा आहे, पण कार्डांचा विषय निघाला की शाळकरी पोरासारखा हट्टाला पेटतो. त्याने सांगितलं, एकच कार्ड घ्यायचं, ज्याच्या खोक्यावर वाघ आहे ते. कार्डं विकणारा दुकानदार त्याच्याहून वरचढ. त्याच्या मते वाघवाले नुसता गाजावाजा करतात, शहाण्या माणसाने निळ्या चंद्राचं खोकं उचलावं. दोघांनी फोनवर तासभर आपापलं घोडं दामटलं. घड्याळाचे ठोके, मेमरी, पंखे, वॉरंटी. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. शेवटी मी टिल्लीला विचारलं, तर ती म्हणाली, "वाघ घ्या, बाबा." मला वाटलं, भाच्याचीच भाषा बोलतेय. कारण विचारायचं मला सुचलं नाही.

दुकानात दोन्ही कार्डं दोन काँप्युटरांत लावलेली होती. मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक पेटीला लावलं आणि मूठ कानामागे. दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी डॉक्टरचं सोंग करतोय. बघेना का. वाघाला तीन पंखे होते, आणि काम दिल्याबरोबर तो असा भणाणायला लागला की शेजारी बोललेलं ऐकू येईना. चंद्र मात्र गप्प. मुठीतूनसुद्धा नुसती बारीक घरघर, नव्या तेल दिलेल्या मशीनसारखी. बरोबर आलेला भाचा म्हणाला, मामा, वाघावर जे चित्र चार मिनिटांत होतं त्याला इथे अकरा मिनिटं लागतील. मी म्हटलं, लागू देत. ती पलंगावर पडली की शिजत राहील, घाई कुणाला आहे. आणि निळं खोकं बगलेत मारून मी घरी आलो.

हा सगळा कानांचा माज नव्हता, हेही सांगतो. माझं दुरुस्तीचं टेबल पुढच्या खोलीत, टिल्लीची खोली भिंतीपलीकडे. तिला ठसका लागला की पुढे वाकवून पाठ थोपटावी लागते, लगेच, आणि ती हाक मारते ती मलाच. तिचा आवाज आधीच बारीक. गेल्या वर्षी एकदा स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता आणि मी एका जुन्या मशीनचं चाक फिरवून बघत होतो. पाणी पिताना तिला ठसका लागला. तिने किती हाका मारल्या देव जाणे, आम्हाला एकही ऐकू आली नाही. तिची आई सहज म्हणून आत गेली तेव्हा पोरीचे ओठ निळे पडले होते. त्या दिवसापासून मिक्सर दहाच्या आत उरकतो आणि माझा एक कान कायम भिंतीला असतो. तर तीन पंख्यांचं भणाणणारं कार्ड मी माझ्या हाताने त्या खोलीत कसं नेऊन ठेवू?

चंद्र बसवला आणि माझा जीव भांड्यात पडला. भिंतीपलीकडून तिचा माऊस टिचकला तरी ऐकू यायचा. मी भाच्याला फोन करून मुद्दाम डिवचलं की तुझा वाघ राहू दे जंगलात.  टिल्ली छान आहे म्हणाली. पाच दिवस मी असा खुशीत होतो.

सहाव्या दिवशी अकराच्या सुमाराला तिला पाणी द्यायला आत गेलो. ती खुर्चीत बसली होती, हात मांडीवर. पडद्यावर शाळेचा एक उतार दिसत होता, अर्धा रंगलेला, आणि खाली एक रेघ गोगलगायीसारखी सरकत होती. काय करतेस विचारलं, तर म्हणाली, शिजतंय. पाणी पाजून मी बाहेर आलो. दहा मिनिटांनी उगाचच परत डोकावलो. हात तसेच मांडीवर. चित्र पूर्ण झालं, तिने उन्हाची जागा किंचित हलवली, आणि रेघ पुन्हा पहिल्यापासून सरकायला लागली. बाराला आम्ही तिला उचललं तेव्हा तिने मान वळवून पडद्याकडे पाहिलं, आणि ते बघणं मला नीट दिसलं.

स्वयंपाकघरात ही म्हणाली, "अहो, रोज हेच चाललंय. दोन तासांतला दीड तास नुसती बघत बसते. तुम्हाला सांगू नको म्हणाली, तुम्ही एवढे खूश होता म्हणून."  मी तसाच आत गेलो आणि पलंगाच्या कडेला बसलो.

आधी मी माझंच म्हणणं मांडत बसलो. तू पडल्यावर शिजू दे ना, रात्रभर शिजू दे. तिने दम घेत घेत समजावलं. शेवटची फिल्म हवी तितका वेळ शिजू दे, त्याचं काही नाही. पण ऊन कुठे ठेवायचं, भिंत किती उजळ करायची, हे एकेक करून बघावं लागतं, आणि ते ती बसलेली असतानाच. पडून मान वळत नाही, बोटं चालत नाहीत. वाघावर दोन तासांत पंचवीस वेळा बघून होतं. चंद्रावर जेमतेम दहा. या चालीने महिनाअखेरीपर्यंत निम्मी शाळासुद्धा होणार नव्हती.

मी म्हटलं, "मग आधी का नाही बोललीस?"

"बोलले होते. वाघ घ्या म्हणाले होते."

 तरी मी म्हणालोच, "मला तुझी हाक ऐकू आली पाहिजे गं."

 एकेका शब्दावर थांबत ती म्हणाली, "बाबा, माझा आवाज जाणार आहे. बोटांच्या आधी जाणार. डॉक्टर मला म्हणाले, मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही ज्या हाकेसाठी हे कार्ड आणलंत, ती वर्षभराने नसेल. बोटं आहेत तोवर मला ही शाळा पुरी करू द्या."

बाहेर माझं एक गिऱ्हाईक टेबलाशी येऊन उभं होतं. ही त्याला म्हणाली, आज नाही, उद्या या. मी तिथेच बसून रडलो. लपवून नाही, तिच्यासमोर. तीस वर्षं मशीनचं ऐकून घेणारा मी, पोरीने एका शब्दात सांगितलेलं मला पुरलं नाही. तिने ती दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर हजर. आठ दिवसांत बदलून देऊ असं दुकानदारानेच म्हटलं होतं. त्याने खोकं उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, चंद्रात काही दोष निघाला का. मी म्हटलं, दोष माझ्यात निघाला. त्याने वाघ काढून दिला.

वाघ बसला. काम सुरू होताच तीन पंखे भणाणले, आणि पुढच्या खोलीत बसून मला पोरीचा श्वास सोडा, हाकसुद्धा ऐकू येईना. मी दहा मिनिटं कसाबसा बसलो. मग उठलो, टेबलावरचं सगळं खाली काढलं आणि टेबल ओढत तिच्या दाराशी नेलं. ते आत जाईना. माझ्या वडिलांच्या हातचं टेबल, पक्क्या लाकडाचं. ही म्हणाली, अहो, राहू द्या, नवं लहानसं करून घेऊ. मी करवत आणली आणि एका बाजूने वीतभर कापून टाकलं. दार बिजागऱ्यांवरून उतरवलं ते उतरवलंच. आता खोलीत तिचा पलंग, तिची खुर्ची आणि माझं टेबल, एवढ्यात पाय ठेवायला जागा नाही. मशीनच्या तेलाचा वास येईल म्हटलं तर टिल्ली म्हणाली, चालेल, पण गिऱ्हाइकांशी भांडायचं असेल तर बाहेर जाऊन भांडा.

शाळा महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी पुरी झाली. नकाशेवाल्या बाई स्वतः घरी आल्या आणि आम्ही चौघांनी पडद्यासमोर दाटीवाटीने फिल्म पाहिली. फाटकातून आत, उतारावरून वर, लांब व्हरांडा, वर्गाचं दार. काहीतरी वेगळं वाटत होतं, पण काय ते मला आधी कळेना. मग लक्षात आलं. दाराच्या कड्या डोळ्यांसमोर होत्या आणि खिडक्यांच्या कडा वर. सगळी शाळा खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उंचीवरून दिसत होती. ज्या उतारावर ती दिवसचे दिवस ऊन हलवत बसली होती तो आता लख्ख होता, आणि वर पोहोचेपर्यंत कुठेही अडायला होत नव्हतं. बाईंनी फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली. मग म्हणाल्या, पुढचा नकाशा सोमवारी पाठवते.

याला आता दीड वर्ष झालं. आवाज डॉक्टरांनी सांगितल्याच्याही आधी गेला, आठच महिन्यांत. शेवटी शेवटी नुसती हवा यायची, मग तीही थांबली. शेवटची हाक कोणती होती ते मला आठवत नाही, कारण ती शेवटची आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं. दोन बोटांतलं एक गेलं. एक आहे, आणि अंगठा आहे. तिसऱ्या इमारतीचं काम चालू आहे.

दहाला आम्ही तिला खुर्चीत बसवतो आणि वाघ भणाणायला लागतो. मी तिच्या शेजारी कापलेल्या टेबलाशी बसतो. त्या गोंगाटात मशीनचं ऐकणं जमत नाही, म्हणून दहा ते बारा मी नुसते सुटे भाग पुसतो, तेल देतो. भाचा मध्यंतरी म्हणाला, मामा, आता नवी कार्डं आलीत, वाघाइतकीच जलद आणि अगदी शांत, बदलून टाकू या. मी त्याला नको म्हटलं. पंखे चालू आहेत तोवर ती काम करतेय, म्हणजे ठीक आहे, हे मला मान वर न करता कळतं. पंखे थांबले की मी हातातलं ठेवतो आणि तिच्या तोंडाकडे बघतो.