परीची ट्रायल

चाकणच्या त्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारी पहिली बाई म्हणजे आम्रपाली, आणि परवापर्यंत तिला याचा कोण अभिमान होता! आता तीच सीट तिला टोचत होती, आणि दोष द्यायला स्वतःशिवाय कुणी सापडत नव्हतं.

त्या दिवसांत मोबाइलवर 'पप्पांची परी'ची लाट आली होती. पोरींनी आधी वेंधळेपणा करायचा, स्कूटर थांबवायला दोन्ही पाय घासायचे, आणि मग झटक्यात असं काही करून दाखवायचं की हसणाऱ्यांच्या बत्तिश्या मिटाव्यात. आम्रपालीनं जेवणाच्या सुट्टीत, गोदामाबाहेरच्या यार्डात तसंच रील केलं. "अहो दादा, ब्रेक कुठला?" म्हणत रिकाम्या खोक्यांची रास पाडली. मग हेल्मेट नीट केलं आणि माल रचलेलं लाकडी पॅलेट दोन ट्रकांच्या मधून अलगद नेऊन ठेवलं. मोबाइल दिव्यानं धरला होता. दिव्या लातूरकडची, पॅकिंगला होती. आम्रपालीच्याच हाताखाली ती फोर्कलिफ्ट शिकली होती आणि सोमवारपासून चालवणार होती.

कुणा टवाळानं रीलचा मागचा अर्धा भाग कापला. पडलेली खोकी तेवढी राहिली आणि तीच पिंपरीपासून तळेगावपर्यंत ग्रुपाग्रुपांवर फिरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अख्खं रील आम्रपालीच्या खात्यावर होतंच, पण ते बघायची कुणाला पडली होती?

गोदामाचे मॅनेजर निरंजन सर, त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुझा प्रश्नच नाही गं. तुझं काम मला माहीत आहे, तू काय बाकीच्या बायकांसारखी नाहीस. पण दिव्याचं आता राहू दे. वरच्यांनी तो व्हिडिओ बघितलाय. परत कशाला रिस्क?"

बाकीच्या बायकांसारखी नाहीस. हे तिनं याआधीही ऐकलं होतं आणि खरं सांगायचं तर दर वेळी मनातून सुखावली होती. आज पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

"सर, खोकी मी पाडली, तीही मुद्दाम. त्यात दिव्याचा काय संबंध? सगळ्यांसमोर ट्रायल घ्या तिची. चुकली तर मीही पॅकिंगला जाते."

बोलून गेली, आणि दिव्याला शोधत पॅकिंगकडे निघाली.

दिव्याला सांगितलं तर ती भडकलीच. "ताई, मला इचारलं का तुम्ही? गंमत तुमची आन् परीक्षा माझी? नवी पोरं कामाला लागली की त्यांना उभं करता का असं सगळ्यांपुढं?"

पाप एकाचं आणि ताप दुसऱ्याला, हे आम्रपालीला दिव्याच्या तोंडावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी यार्डात ही गर्दी जमली. माल उतरायची वाट बघणारे ट्रकवाले मोबाइल काढून उभे राहिले. सगळ्यांत पुढे हिंदुराव ड्रायव्हर होता. "चला परी, उडवा आता!" तो ओरडला, आणि हशा पिकला.

दिव्या फोर्कलिफ्टवर चढली. तिनं हॉर्न दिला, मान पूर्ण वळवून मागे बघितलं आणि गाडी मागे घेतली. पॅलेट उचललं, ट्रकमध्ये सरळ रेषेत ठेवलं आणि खाली उतरली. टाळी कुणीच वाजवली नाही.

"ठीक आहे, सोमवारी ये," सर म्हणाले आणि आत गेले. दिव्या आम्रपालीकडे न बघताच पॅकिंगकडे चालू लागली.

आम्रपालीला रडू फुटायचं बाकी होतं. ती हिंदुरावाकडे गेली. "भाऊ, घेतला ना व्हिडिओ? टाका की ग्रुपवर."

हिंदुरावानं तो पुन्हा शेवटपर्यंत बघितला. माणूस वाईट नव्हता, खरोखरच कोड्यात पडला होता.

"काय टाकायचं ताई? ह्यात कायबी पडलंच न्हाई."

आणि तिच्यादेखत त्यानं तो अंगठ्यानं पुसून टाकला. मोबाइलमध्ये त्याच्याच शेजारी आम्रपालीच्या खोक्यांचा व्हिडिओ होता. तो त्यानं राहू दिला.