निरोपाची फुंकर

रानकोंबड्याच्या पायाच्या पोकळ हाडापासून पद्माकर आजोबांच्या वडिलांनी मला घडवलं. मित्रांनो, मी शिकारीची शिट्टी आहे. माझ्यातून दोनच हाका निघतात. आखूड हाक पक्ष्याला बोलावते, लांब हाक त्याला निरोप देते. नेम चुकला की निरोप द्यायचाच, असा शिकाऱ्यांचा नेम होता. कारण बोलावलेला पक्षी निरोप मिळेपर्यंत दाणा टिपत नाही.

सह्याद्रीत माझं फार कौतुक होतं. पुढे आजोबा मुलाकडे सिंगापूरला आले आणि मी पासिर रिसच्या फ्लॅटमधल्या काचेच्या कपाटात पडून राहिले.

"बाबा, इथे शिकार केलीत तर थेट तुरुंग!" मुलगा रोहन हसायचा.

नात इरा मला हातही लावत नसे. तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "आजोबा, आय डोन्ट किल थिंग्ज, ला!"

एका संध्याकाळी मात्र मैत्रिणीला गंमत दाखवायला तिने मला फुंकलं. आखूड हाक निघाली.

सकाळी ब्लॉकखालच्या हिरवळीवर इथे मोकळे फिरणारे रानकोंबडे उभे होते. आरवत नव्हते, चरत नव्हते. सगळ्यांच्या माना आमच्या खिडकीकडे. दुसऱ्या दिवशीही तसेच. मग एक कोंबडी कोसळली. बाकीच्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"आजोबा, त्यांना जायला सांगा ना!" इरा रडवेली झाली.

अर्धांगवायूनंतर आजोबांच्या ओठांत फुंकर धरत नव्हती. "मला नाही गं जमत. तुलाच शिकावं लागेल."

श्वास किती लांबवायचा, ते त्यांनी तिच्या तळहातावर बोट ओढून दाखवलं. पुष्कळ वेळा ती चुकली. अखेर लांब हाक नीट उमटली. पक्षी वळले आणि हिरवळीपलीकडच्या खारफुटीत शिरले.

तेवढ्यात खारफुटीतून आखूड हाक आली. हुबेहूब माझा आवाज. मी तर इराच्या मुठीत होते.

आजोबा काठी न घेता उठले.

"आजोबा, कुठे निघालात?"

त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी दार उघडलं. इराने धावत जाऊन त्यांच्या कानाशी लांब हाक दिली. आजोबा उंबऱ्यावर थांबले. "मी इथे कसा गं?"

मित्रांनो, शिकार थांबली, बरंच झालं. पण तुमच्या घरात कुणाला निरोपाची फुंकर येत असेल, तर त्यांच्यात श्वास आहे तोवर ती शिकून घ्या. खारफुटीतली हाक आता रोज संध्याकाळी येते. काल ती ऐकून रोहनने नुकतेच काढलेले बूट पुन्हा पायात घातले.