कात्रजच्या चढावर तीन फेऱ्या

गाडीचा निर्णय आमोदने माझ्यावर सोपवला, तेव्हा त्याला वाटले असावे की बाबांचा मान राखला. माझी मात्र त्या दिवसापासून झोप उडाली.

आमोद माझा मुलगा. बंगळुरूला नोकरी करतो. आमची अठरा वर्षांची मोटार काढून टाकून आम्हा नवराबायकोसाठी नवी घ्यायची, असे त्याने ठरवले होते. गाडी निवडलीही होती. पाच माणसांची, उंच बांध्याची, आत सगळ्या सोयी. इंजिन मात्र जेमतेम एक लिटरचे, तीन सिलिंडरचे, जादा ताकदीसाठी टर्बो बसवलेले. रस्त्यावर येईपर्यंत साडेअकरा लाख. एवढ्या पैशात एवढेसे इंजिन घ्यावे का ते बाबा, तुम्ही तपासून सांगा, तुमचा शब्द शेवटचा, असे तो फोनवर म्हणाला. नोंदणीची मुदत रविवार संध्याकाळपर्यंत होती.

त्याने प्रश्न किमतीचा विचारला होता. माझी भीती निराळी होती.

तीन महिन्यांपूर्वी मी आणि माझी पत्नी उल्का भोरला निघालो होतो. तिची थोरली बहीण सुशीलाबाई तिथे अंथरुणाला खिळून आहे. दर गुरुवारी मी उल्काला तिच्याकडे नेत असे. कात्रजच्या नव्या बोगद्यातल्या अवजड वाहनांची मला धास्ती वाटते, म्हणून आम्ही नेहमी जुन्या घाटाने जायचो. त्या दिवशी कात्रजच्या चढावर वाहनांची रांग थांबली. पुन्हा निघताना माझी गाडी बंद पडली आणि मागे घसरू लागली. मागे दुधाचा टँकर होता. त्याचा हॉर्न मला अजून ऐकू येतो. गाडी थांबली तेव्हा टँकर आणि आमची मागची काच यांच्यात वीतभर अंतर उरले होते. ती कशी थांबली, हे मला सांगता येणार नाही.

पुढच्या गुरुवारी उल्का स्वारगेटहून एसटीने भोरला गेली, आणि तेव्हापासून दर गुरुवारी एसटीनेच जाते.

मी सर्वांना सांगितले की इंजिनात दम नव्हता. आठशे सीसीचे जुने इंजिन, त्याला चढावर धाप लागायचीच. हे निदान कोणी तपासले नाही, कारण निदान करणारा मी होतो. मी पॉलिटेक्निकमधून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि पुढे चौतीस वर्षे चिंचवडच्या एका कारखान्यात वाहनांच्या चाचणी विभागात काढली. माझ्या निदानावर साहेबसुद्धा सही करत.

उल्काने एकदाच त्या निदानाला हात लावला. पंधरा दिवसांपूर्वी मंडईत माझ्या उजव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि मी तसाच दहा पावले पुढे गेलो. भाजीवालीने हाक मारून सांगितले तेव्हा कळले. पट्टा सैल झाला आहे, असे मी म्हणालो. उल्का पिशवी सावरत म्हणाली, "असेल. चपलेच्या इंजिनातही दम नसेल."

चाचणीच्या वहीत मी दोन शक्यता मांडल्या. नवे इंजिन भरल्या गाडीने चढावर कमी पडले, तर साडेअकरा लाख वाया. कमी पडले नाही, तर गाडी घ्यायची आणि उल्का पुन्हा माझ्या शेजारी बसेल. इंजिन कमी न पडताही गाडी मागे आली तर काय, ही तिसरी शक्यता मला दिसत होती. ती मी लिहिली नाही.

शोरूमतर्फे शनिवारी सकाळी सृष्टी नावाची मुलगी गाडी घेऊन आली. वय सव्वीस-सत्तावीस, मूळची वर्ध्याची, बोलणे नीटनेटके. साधारणपणे या चाचण्या सपाट रस्त्यावर, दोन माणसे बसवून, दहा मिनिटांत उरकतात. मी तिला आधीच कळवले होते की मला भरलेली गाडी हवी, घाट हवा आणि दोन तास हवेत. तिने व्यवस्थापकांची परवानगी काढली होती आणि मागच्या सीटवर अंथरायला प्लास्टिकही आणले होते. मला ती आवडली.

भार मार्केट यार्डातून घेतला. माझा वर्गमित्र रतन याने पदविका घेऊनही घरचा धान्याचा गाळाच चालवला. त्याच्याकडून गव्हाची पन्नास किलोंची तीन पोती मागच्या सीटवर आणि तांदळाचा पंचवीस किलोंचा एक कट्टा सामानाच्या जागेत, असा भार मी ठरवला होता. पट्टा न लावल्यास गाडी सारखी वाजत राहते, म्हणून मी तिन्ही पोत्यांना सीटचे पट्टे लावले. हमाल कौतुकाने बघत उभे राहिले. रतन म्हणाला, "यज्ञेश्वर, गहू आजवर ट्रकमधून गेला. पट्टा लावून फिरायला पहिल्यांदाच निघालाय. उन्हात उतरवू नकोस त्याला." मी हसलो आणि पट्टे पुन्हा एकदा ओढून पाहिले.

आमच्या विभागाची एक पद्धत होती. ग्राहकाची तक्रार आली की एकाच गाडीवर दोन चालक बसवायचे. आधी विभागाचा, ज्याच्या पायाची आम्हांला खात्री असे. मग तक्रार करणारा. प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, त्याच जागेवर, त्याच भाराने. दोन फेऱ्या चांगल्या झाल्या म्हणून तिसरी सोडणाऱ्याला आमचे साहेब पुन्हा चाचणीच्या गाडीत बसू देत नसत. कारण जो दोष प्रत्येक वेळी दिसतो तो सापडतो. अधूनमधून येणारा दोष माणसे मारतो.

म्हणून मी सृष्टीला आधी चालवायला सांगितले. घाटात एका वळणापुढे कठड्याला पांढरे खांब आहेत. तिसऱ्या खांबाशी गाडी पूर्ण थांबवायची, मग चढावर निघायचे आणि वर रुंद जागेत वळून परत यायचे. तिने तीन वेळा तसे केले. इंजिन कमी वेगाने फिरताना थोडे सुस्त होते, पण टर्बो जागा झाल्यावर एवढा भार घेऊन ते तक्रार न करता चढले. तिन्ही वेळांत अर्ध्या सेकंदाचाही फरक नव्हता. वहीत लिहिताना मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मग मी बसलो. सृष्टी शेजारी, मांडीवर माझी वही.

पहिली फेरी व्यवस्थित झाली. उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर गेला, डाव्याने क्लच सोडला, गाडी निघाली. दुसरीही तशीच झाली, वेळही सृष्टीच्या बरोबरीची आली. सृष्टीने वही मिटली आणि ती म्हणाली की सर, गाडी पास आहे, आता खाली जाऊ या, ऊन वाढतंय.

मला थांबता आले असते. पुढच्या गुरुवारी उल्का शेजारी बसलेली, मांडीवर बहिणीसाठी घेतलेला डबा, असे चित्र मला समोर दिसत होते. इंजिनाबद्दल आता काहीच तपासायचे उरले नव्हते. तिसरी फेरी कोणासाठी आहे, हे मला ठाऊक होते, आणि म्हणूनच ती सोडवेना.

तिसऱ्या खांबाशी मी थांबलो. आरशात एक स्कूटर येऊन मागे उभी राहिलेली दिसली. बाई चालवत होती, पाठीमागे शाळेच्या गणवेशातली मुलगी. मी उजवा पाय उचलला आणि ॲक्सिलरेटरवर ठेवला. क्लच सोडला. गाडीने हिसका दिला आणि इंजिन बंद पडले. सवयीने मी क्लच पुन्हा दाबला.

या गाड्यांत अशी सोय असते की चढावर ब्रेकवरचा पाय उचलला तरी दोनेक सेकंद ब्रेक आपोआप धरून राहतो. ते दोन सेकंद मी ऐकले. त्यात काहीच आवाज नव्हता. मग आतून बारीकसा टक् झाला आणि कठड्याचे खांब पुढे सरकू लागले.

मी पायाला सांगितले, ब्रेक. पायाने ते केले, अशी माझी खात्री होती.

"सर, ब्रेक," सृष्टी म्हणाली.

"दाबला आहे," मी म्हणालो.

"नाही दाबला. दाबा नं, काका."

"अगं, दाबला आहे."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. दोन्ही हातांनी हँडब्रेक वर खेचला. पोती मागच्या मागे दबली, गाडी थरथरली आणि थांबली. आरशात स्कूटरचे हँडल एवढे मोठे दिसत होते की त्यामागची मुलगी दिसेना. मग बाई बाजूने पुढे आली, खिडकीतून माझ्याकडे बघून काही बोलली आणि निघून गेली. मला तिचे फक्त ओठ दिसले.

मी खाली पाहिले. माझा उजवा पाय दोन पेडलांच्या मधल्या रिकाम्या जागेत, सपाट गालिच्यावर, सगळा जोर लावून दाबलेला होता.

म्हणजे त्या दिवशीही. टँकर मागे असताना, उल्का शेजारी असताना, मी असाच जमिनीवर ब्रेक दाबत होतो.

सृष्टीचा हात हँडब्रेकवरून निघत नव्हता. तो तसाच धरून ती म्हणाली की सर, ऑटोमॅटिक घेता येईल, क्लचची कटकट नाही. तिने ते गाडी खपावी म्हणून सांगितले नाही, माझी लाज झाकायला सांगितले. मी तिला समजावले की क्लच डाव्या पायाचा असतो आणि तो पाय चांगला आहे. ऑटोमॅटिकमध्ये सगळे काम या एकाच पायाकडे जाते.

वही तिच्याच मांडीवर होती, म्हणून नोंद तिलाच करायला सांगितली. तिने लिहिले: तिसरी फेरी, इंजिन बंद, गाडी मागे. पुढच्या रकान्यात कारण लिहायचे होते. तिने पेन थांबवले.

"काय लिहू, सर?"

"इंजिनाचं नाव लिहू नकोस," मी म्हणालो.

गाडीतून उतरून, बॉनेटला धरून मी पलीकडच्या दाराशी गेलो. परतीला तीच चालवत होती. प्रत्येक वळणावर माझा पाय आपोआप ब्रेक दाबत होता. दाबत असावा.

घरी उल्का बाहेरच्या खोलीत क्रोशाचे विणकाम घेऊन बसली होती. मी तिला भार, चढ, सृष्टीच्या तीन फेऱ्या, माझ्या तीन फेऱ्या असे क्रमाने सांगितले. स्कूटरवरची मुलगीही सांगितली. माझा बारा वर्षांचा मधुमेह मात्र सांगावा लागला नाही. माझ्या गोळ्या तीच काढून देते. तिने मध्ये एकदाही टोमणा मारला नाही, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

मी तिला म्हणालो की एक चाचणी अजून राहिली आहे. मी डोळे मिटतो. उजव्या तळव्याला क्रोशाच्या सुईचे टोक दहा वेळा टेकव, जागा बदलून, मध्ये वेळ सोडून. कळले की मी सांगेन. तिने विणकाम बाजूला ठेवले आणि माझा पाय मांडीवर घेतला.

मी डोळे मिटले. "आता," असे मी म्हणालो. बऱ्याच वेळाने पुन्हा, "आता." मग आणखी दोनदा. पुढच्याची मी वाट बघत राहिलो. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होते, तिचा इशाऱ्याचा आवाज चालू होता. उल्का विचार करत असावी की सुई कुठे टेकवावी, असे मला वाटले.

"सुरू ठेव," मी म्हणालो.

"झालं," ती म्हणाली.

"मी चार मोजले."

"मी दहा टेकवले. शेवटचे तीन तर दाबले."

मी डोळे उघडले. तळव्यावर तीन लाल ठिपके होते, एकाला बारीकसे रक्त. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आमोद होता; शोरूमवाले विचारत होते, रविवारची वाट बघायची की नोंदणी आजच करायची.

"कर," मी म्हणालो. "इंजिन पुरेसं आहे. गाडी किमतीला योग्य आहे. चालवायला मात्र माणूस बघावा लागेल. मी चालवणार नाही."

त्याने काय झाले असे विचारले. मी सोमवारी डॉक्टरांकडे जातो आणि मग सांगतो, असे म्हणून फोन ठेवला.

उल्काने माझा पाय अजून सोडला नव्हता. दोन्ही हातांनी तो घट्ट धरला होता. मला ते दिसत होते.