हिरव्या पडद्याआड

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकातला नव्हे, दवाखान्यातला. लोखंडी चौकट, खाली चार चाकं आणि अंगावर हिरवं कापड. खाटेभोवती मला ओढलं, की आत एक छोटीशी खोली तयार होते.

माझा जन्म जालन्याचा. फकरोद्दीन मिस्त्रींनी माझी चौकट जोडली, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कापड त्यांच्या बायकोनं, ताहेराबींनी शिवलं. मिस्त्री म्हणाले, "इतका कपडा कशाला? खर्चा वाढतो." ताहेराबी म्हणाल्या, "बाईमाणसाचे पाय दिसले तर पडदा कशाचा? बराबर टाचेपर्यंत पाहिजे." म्हणून मी असा पायघोळ झालो. त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

मग मी भोकरदनच्या रस्त्यावरच्या एका लहान दवाखान्यात आलो. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन यायचं, वाऱ्यानं मी हलकेच झुलायचो आणि माझ्यावर माणसांच्या सावल्या पडायच्या. खोकणाऱ्या, कण्हणाऱ्या, बाळाला थोपटणाऱ्या. मला तर डुलकीच लागायची. चेहऱ्यांपेक्षा सावल्यांनीच मी माणसं ओळखायला शिकलो. भिंतीला कान असतात म्हणतात, मग मला का नसावेत? पण मला तोंड नाही, हे रोग्यांना ठाऊक होतं. म्हणून तर ते माझ्या आड मोकळे व्हायचे.

तुळजाबाईची गोष्ट तेवढी सांगतो. ती स्वतःच सगळ्यांना सांगते, म्हणून.

पिंपळगाव रेणुकाईची ही नवी सून. गवत कापताना पायाला विळा लागला, जखम चिघळली, अंगात ताप भरला. नवरा गावाला गेलेला, म्हणून तिला घेऊन आले तिचे भाया, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ रामराव. आता भायांसमोर धाकट्या भावाच्या बायकोनं बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी इंजेक्शननं त्रास झाला होता का?"

"बिलकुल न्हाई," रामराव म्हणाले. "आमच्या घरात असलं काही न्हाई."

माणूस खोटारडा नव्हता हो. घरातल्या वडीलधाऱ्यानं उत्तर द्यायचं, म्हणून दिलं. चांगुणाबाई सिस्टर सुई भरू लागल्या. तुळजाबाई पदराआडून सुईकडे बघत होती. तिला बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. तिनं हात लांब करून माझी किनार घट्ट मुठीत धरली. माझं सगळं अंग ताणलं गेलं. चांगुणाबाईंनी ते पाहिलं आणि सुई खाली ठेवली.

"दादा, तुम्ही जरा व्हरांड्यात बसा," म्हणत त्यांनी मला खाटेभोवती ओढलं.

तुळजाबाई कुजबुजली, "बाई, माहेरी अशीच सुई टोचल्ती. अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. मरता मरता वाचले."

मित्रांनो, मी कापडाचा, पण त्या क्षणी माझ्याही अंगावर काटा आला. डॉक्टरांनी औषध बदललं. बाहेर जाऊन ते रामरावांना शांतपणे म्हणाले, "आजार तिचा आहे. बोलायचा हक्क तिचा आणि खरं सांगायची जबाबदारीही तिची. ती तुम्ही उचलू नका." रामरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पुढं वर्षं सरली. माझं एक चाक मोडलं आणि मी कोपऱ्यात गेलो. कुणी माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले, कुणी हात पुसले, एकानं तर पानाची पिचकारी मारली. माझ्या समोरच रोग्यांना उघड्यावर तपासायचे आणि दहा माणसं टकामका बघायची. मी ताहेराबींच्या सुईचे टाके आठवत पेंगत राहायचो.

एके दिवशी तिथं रामरावच आले. म्हातारे झालेले, चक्कर येऊन पडलेले. खाटेभोवती निम्मं गाव. नव्या डॉक्टरांनी विचारलं, "बीपी फार वाढलंय. गोळ्या रोज घेता ना?"

मुलगा काकासाहेब म्हणाला, "बराबर घेतात, साहेब." रामराव गप्प. डॉक्टर आणखी जोराची गोळी लिहू लागले.

ती गप्प राहण्याची तऱ्हा गर्दीत एकीलाच ओळखू आली. तुळजाबाईनं मला कोपऱ्यातून खेचलं. मोडकं चाक करकरलं. "तुमी समदे बाहेर व्हा," ती म्हणाली. मला खाटेभोवती लावून ती बाहेरच्या बाजूला उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती भायांशी अवाक्षर बोलली नव्हती. आजही बोलली नाही. ती माझ्याशी बोलली.

"पडद्या, दादांना म्हणावं, डाक्टरला खरं ते सांगा. इथं कोणी न्हाई ऐकायला."

आतून तो म्हातारा आवाज आला, "पडद्या, तिला म्हणावं, सांगतो."

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणीतरी हाक मारली होती, तीही दोन्ही बाजूंनी. खरंच सांगतो, माझं जुनं कापड भरून आलं. थोड्या वेळानं डॉक्टरांनी ती जोराची गोळी खोडली. बाहेर एवढंच कळलं.

मित्रांनो, तुम्ही कधी दवाखान्यात गेलात, तर पडदा मागा. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. आणि पडद्याआड गेलात, की डॉक्टरांपासून काही लपवू नका. दुसऱ्याच्या खाटेपाशी गर्दी करू नका. आणि जमलं तर माझ्यासारख्याचं मोडकं चाक बसवून द्या.

रामराव आत काय बोलले, म्हणता? मित्रांनो, मी पडदा आहे.