पाटलाची धुरी

माझे सासू-सासरे तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण नव्हतं, शिव्या नव्हत्या, ताटं आपटणं नव्हतं. जे काही सांगायचं ते पोपटाला सांगायचं. पोपटाचं नाव पाटील. ते मीच ठेवलेलं, लग्न होऊन आले त्याच महिन्यात. काम ना धाम, दिवसभर दांडीवर बसून आरडाओरडा करायचा आणि पेरूची फोड द्यायला उशीर झाला की अख्ख्या वस्तीला कळवायचा. त्याला पाटील नाही तर काय म्हणणार?

"पाटील, सांगा तुमच्या माणसाला, भाकर निवायली," आत्या चुलीपुढून म्हणायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कडूबाई.

"पाटील, म्हणावं आलोच, हात धुतो," मामा ओट्यावरून म्हणायचे. मामा म्हणजे सासरे, म्हाळू. दोघांमध्ये अंतर किती, तर ओट्याचं. आवाज सरळ कानात जायचा, पण नजर मात्र दोघांचीही पिंजऱ्याकडे.

सुरुवातीला मला हसू यायचं. माहेरी चकलांब्याला गेले की मी दोघांची नक्कल करून दाखवायचे आणि सगळे पोट धरून हसायचे. पुढे मी नक्कल करायची सोडली. रोज बघताना त्यात हसण्यासारखं काही उरत नाही.

कारण मेंढरं. आमची वस्ती पालीच्या पुढं, बिंदुसरेच्या धरणाच्या वरच्या अंगाला. मामांचे वडील मेंढरं राखायचे, मामा राखायचे, आत्यांनी तर निम्मा जन्म मेंढरांमागं चालत काढला. आई मेलेलं कोकरू त्या पोटाशी घेऊन झोपायच्या. मग मामांचे गुडघे गेले. चराईला रान राहिलं नाही, आणि माझ्या नवऱ्याला, सोमेश्वरला, पिकअप घ्यायची घाई झालेली. आत्या नारायणगडाच्या जत्रेला गेल्या त्या दिवशी व्यापारी आला आणि अख्खा कळप गाडीत घालून घेऊन गेला. आत्या परत आल्या तेव्हा मेंढरांचं वाडगं रिकामं होतं, काटेरी कूड तेवढं उभं. त्या वाडग्यात जाऊन उभ्या राहिल्या, बाहेर आल्या आणि पिंजऱ्यापाशी बसल्या. मामांना एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पाटील, सांगा त्यांला, च्या झालाय." तेव्हापासून तेच.

मी मामांच्या बाजूनं कधीच नव्हते. विकायची होती तर विकायची, पण बायको गडावर गेल्याचं बघून विकायची ही कुठली रीत? सोमेश्वरला मी हे तोंडावर म्हटलंय. तो पिकअपची काच पुसत बसला.

या पौषात पाटील आजारी पडला. आधी नुसता पिसं फुगवून बसायला लागला. मग खाणं सुटलं. मग श्वास घेताना शेपटी खालीवर व्हायला लागली, आणि एका सकाळी ओरडणंही बंद झालं. पाटलाला माणसाची बोली कधी धड आली नव्हती. त्याला यायचं ते कोकराचं ओरडणं, कळप होता तेव्हा शिकलेला. ते बंद झाल्यावर वस्ती इतकी गप्प झाली की मला घरात बसवेना.

खरी पंचाईत पुढेच होती. आजारी पाखराला निरोप कुणी सांगेना. आत्या भाकरी करून ताट झाकून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. मामा आपलं आपण उठून जेवायचे. दोघंही पिंजऱ्यापाशी बसायचे, पण पाळीपाळीनं. एक उठला की दुसरा येऊन बसणार.

मी म्हटलं, बीडला नेऊ. मामा लगेच तयार झाले. सोमेश्वरनं गाडी काढली. पिंजऱ्यावर घोंगडी टाकून तो मामांनी मांडीवर घेतला होता. वाटेत गाडीच्या आवाजात ते मला म्हणाले, "स्वप्ना, ह्यो गेला तर मी तिच्याशी कसं बोलू गं? कुनाला सांगू, भूक लागली म्हनून?"

"नाही जायचा, मामा," एवढंच म्हटलं.

डॉक्टरांनी पिंजरा बघितल्या बघितल्या भुवया वर केल्या. "हा पोपट पाळायला बंदी आहे, माहीत आहे ना?"

"साहेब, पिल्लू व्हतं. वादळात लिंबाखाली पडलेलं," मामा म्हणाले. "पख फुटायच्या आदी. सोडला तर मांजरानं खाल्ला असता."

मामांनी हातच जोडले, तेव्हा डॉक्टर पुढं काही बोलले नाहीत. पाटलाला टॉवेलात धरून तपासलं आणि छातीत कफ साठलाय, न्यूमोनिया दिसतोय म्हणाले. थेंबाचं औषध दिलं. ऊब पाहिजे, सगळ्यात महत्त्वाची ऊब, असं दोनदा सांगितलं. पिंजऱ्याजवळ पिवळा बल्ब लावा, रात्रंदिवस, वारा लागू देऊ नका. लाइट गेली तर काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बीडमध्ये बसून वस्तीवरची लाइट कुणाच्या ध्यानात येते?

मग मामांनी जे केलं ते बघून मी गार झाले. गुडघ्यांनी उठवत नव्हतं तरी तो माणूस पिंजऱ्यापासून हलेना. एका हातानं पाटलाचं डोकं धरायचं, दुसऱ्यानं चोचीच्या कडेला थेंब सोडायचा, तो गिळेपर्यंत बोट गळ्यावर ठेवायचं. जन्मभर कोकरांना औषध पाजलेला हात होता तो, कुठं घाई नाही की थरथर नाही. आत्या मऊ भाताची शितं चिमटीत धरून भरवायच्या. आता पाळी मोडली होती, दोघं एकाच वेळी बसायचे. बोलायचे मात्र नाहीत. पण एकदा मामांनी हात पुढं केला आणि आत्यांनी न सांगता त्यात फडकं दिलं. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, खंडोबा, हा पोपट जगू दे, मी येळकोट करत येते.

आणि पाटलाला जरा उतार पडला, हे सांगितलंच पाहिजे. एके दिवशी त्यानं आपण होऊन भाताचं शीत उचललं. दुपारी कोकरागत एकदा ओरडला, बारीक, चिरका, पण ओरडला. आत्या भांडी टाकून धावत आल्या. मामा आणि त्या दोघंही हसले, पिंजऱ्याकडे बघून नव्हे, एकमेकांकडे बघून. मग आत्यांना ते कळलं आणि त्या पदर सावरत परत गेल्या.

त्याच दिवशी सांजेला लाइट गेली. वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, डीपी जळालीय, उद्या बघू. थंडी अशी पडलेली की धरणावरून येणारा वारा अंगावरच्या दोन पातळांतून आत शिरत होता. बल्ब विझला तसा पाटील पुन्हा फुगला. शेपटी खालीवर व्हायला लागली आणि प्रत्येक श्वासाबरोबर आतून घरघर ऐकू यायला लागली.

"हे तर कोकराच्या पडशावानी झालं," मामा म्हणाले. "थंडीचं कोकरू असंच घुरघुरतंय." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतके दिवस ते डॉक्टरांच्या औषधावर चालत होते, आता त्यांच्या हातातलं काम आलं होतं. पडसं झालेल्या कोकराला आमच्यात धुरी देतात. घमेल्यात निखारे घ्यायचे, वर कडुनिंबाचा पाला आणि ओवा टाकायचा, कोकरू घोंगडीखाली घ्यायचं, थोडा वेळ तसंच धरायचं. कफ सुटतो. मामांनी अशी किती कोकरं उठवली असतील, त्याचा हिशेब नाही.

त्यांनी चुलीतले निखारे घमेल्यात ओढले. कडुनिंबाचा पाला मी तोडून आणला. मामा ओव्यासाठी इकडंतिकडं बघत होते, आणि आत्यांनी फळीवरचा डबा काढून त्यांच्या गुडघ्यापाशी आणून ठेवला. मामांनी डब्याकडे बघितलं, मग वर आत्यांच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. आत्या मागं सरून भिंतीला टेकल्या.

ओवा निखाऱ्यावर तडतडला, घरभर वास पसरला. मामांनी घमेलं पिंजऱ्याशी सरकवलं आणि दोन्हीवर मिळून घोंगडी टाकली. तिची टोकं चारी बाजूंनी दाबून घेतली. थोड्या वेळानं आतली घरघर थांबली.

"निवांत पडला बघ," मामा मला म्हणाले. "उतार पडला की कोकरू बी असंच निजतंय. आता हलवू नगा. ऊब ऱ्हाऊ दे."

त्या रात्री आम्ही सगळे निश्चिंत झोपलो.

उजाडल्यावर मामांनी घोंगडी उचलली. पाटील पिंजऱ्याच्या तळाला उताणा पडला होता, पाय आखडलेले. मामांनी त्याला हातात घेतलं, छातीवर अंगठा फिरवला, चोच उघडून आत फुंकर घातली. आत्यांनी पाटलाला त्यांच्या हातातून काढून घेतलं. त्याचे पंख नाकाशी धरले. मला वाटलं, मुका घेतायत. मग त्या एकट्याच खुरपं घेऊन गेल्या आणि रिकाम्या वाडग्यात त्याला पुरून आल्या.

मी डॉक्टरांना फोन लावला. का लावला कुणास ठाऊक, कुणालातरी सांगावंसं वाटलं. धुरीचं ऐकून ते म्हणाले, "अहो, पाखराला धूर? चांगल्या पक्ष्यालाही सोसत नाही तो. त्याची छाती आधीच भरलेली. झाकून धूर दिला म्हणजे..." पुढचं त्यांनी गिळलं. मी ठेवते म्हटलं.

मामा ओट्याच्या पायरीवरून माझ्याकडेच बघत होते. "काय म्हनले डागदर?"

"वय झालं होतं म्हणाले." हे माझ्या तोंडून आपोआप गेलं. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा हेच म्हणेन असं मला तेव्हा वाटलं.

"सात वर्साचा तर व्हता त्यो. त्येचं काय वय होतंय?" मामांनी मान खाली घातली. "मोहळ काढाया धूर करायचो आमी. त्या झाडावरली पिल्लं टपाटपा पडायची. जन्मभर बघितलंय मी. काल ध्यानात कावून न्हाई आलं?"

"मामा, आत्यांना काही बोलू नका," मी हळूच म्हटलं. "कालपर्यंत बघितलं ना, जवळ येत होत्या. कफानं गेला म्हणा. त्यांना काय कळतंय?"

मामांनी ऐकून घेतलं. दिवसभर त्याच पायरीवर बसून राहिले. जेवायला बोलवायला कुणी नव्हतं, ते आपण होऊन उठले नाहीत. ऊन कललं, आत्या अंगणात ज्वारी निवडायला बसल्या. तेव्हा मामा भिंतीचा आधार घेत उठले आणि त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. मी दारात होते.

"कडू," मामा म्हणाले. हे नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. "पाटील थंडीनं न्हाई गेला. माझ्या धुरीनं गेला. मी मारला त्येला."

आत्यांचा हात ज्वारीत थांबला. वर बघितलं नाही.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "सकाळीच पखाला धुराचा वास आला. आन् ओवा मीच दिलता. तुमी एकट्यानं न्हाई मारला."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"वाट बघायले व्हते. दिसभर. म्हनलं, बघू, सांगतायत का या बारीला बी गपचिप दडपतायत." आता त्यांनी वर बघितलं, आणि सरळ मामांच्या डोळ्यांत बघितलं. "मेंढरं इकायची तवा असंच म्होरं यिऊन उभं ऱ्हायचं व्हतं. मी न्हाई म्हनले नसते. तुमचे गुडगे मला काय दिसत न्हवते? मीच तर चोळायची रोज. शेवटचं एकदा वाडग्यात शिरून त्येंच्या तोंडावरून हात फिरवला असता, आन् द्या म्हनले असते."

मामा ते ऐकून खालीच बसले, ज्वारीच्या ढिगाशेजारी, आणि मोठ्यानं रडायला लागले. तोंडावर हात घेतला नाही, काही नाही. म्हातारा माणूस अंगणात बसून असा रडताना मी कधी बघितला नव्हता.

आत्यांनी त्यांना गप्प केलं नाही. पुन्हा ज्वारी निवडायला लागल्या, पण त्यांना दाणा दिसत नव्हता. खडेही त्या ढिगातच टाकत होत्या.