दोन्ही बैल डावेच

“माझा बैल डावीकडंच चालतो. पहिल्यापासून.”

“मग माझा काय छपरावरून चालतो? तोही डावाच आहे!”

सकाळपासून बांधावर एवढंच चाललं होतं. भोंगा आणि कुलूप, माझे शेजारी, सख्खे चुलतभाऊ. एकाचा आवाज शिवारभर, दुसऱ्याला तोंड उघडायचा कंटाळा. पण पक्षाचा विषय निघाला की कुलूपही किल्लीवाचून उघडायचं. पंधरा वर्षं दोघांचे पक्ष वेगळे, म्हणून बोलणं बंद. भोंग्याच्या लेकीच्या लग्नात कुलूप समोरच्या ओट्यावर पाठ करून बसलं होतं. जेवलं मात्र.

यंदा महागाईनं सगळ्यांचं कंबरडं मोडलं. डिझेल इतकं चढलं की गावातल्या ट्रॅक्टरवर कोंबड्या बसायला लागल्या. या दोघांनी जोडीतला एकेक बैल विकून घर रेटलं. अशात रेडिओनं सांगितलं, की देश बुडू नये म्हणून राजधानीत दोन्ही पक्षांनी मिळून सरकार केलं.

भोंग्याची बायको, थोरली, म्हणाली, “वरचे एका ताटात जेवायला लागले, आणि तुम्ही इथं कुणाची खरकटी राखताय? आपला एक बैल, भाऊजींचा एक. घाला जुवाखाली. जमिनीत आत्ता ओल आहे, चार दिवसांत दगड होईल. मका पेरला नाही तर वर्षभर खायचं काय?”

म्हणून दोघं बांधावर आले होते. आणि आल्यावर कळलं, की डावा बैल हुशार म्हणून दोघांनीही उजवाच विकलाय. पंधरा वर्षांत दोघांची अक्कल एकदाच जुळली, ती इथं.

शेवटी ठरलं, एक दिवस याचा डावीकडं, एक दिवस त्याचा.

“लेखी दे,” कुलूप म्हणालं.

“बैलांना वाचता येत नाही रे,” मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

पहिल्या दिवशी कुलपाचा बैल उजवीकडं जुंपला. तो डावीकडं रेटत राहिला. नांगरलेलं तास विळ्यासारखं वाकलं आणि नांगर बांधात घुसला. दुसऱ्या दिवशी भोंग्याचा बैल उजवीकडं गेला आणि मधेच बसला.

“बसला नाही,” भोंगा गरजला, “निषेध करतोय!”

तिसरा दिवस चूक कुणाच्या बैलाची यात गेला. रेडिओ सांगत होता, सरकार भक्कम आहे.

चौथ्या दिवशी ढेकळावर कुदळ वाजायला लागली. थोरली आणि तिची धाकटी जाऊ, कुलपाची बायको, पदर खोचून एका कोपऱ्यात उतरल्या. एक खड्डा करी, दुसरी दाणा टाकी.

“तुमच्यांचा पक्ष कुठला गं?”

“मला कुठं ठाऊक, जाऊबाई? घरी तर कधी आणला नाही.”

तेवढा कोपरा उगवला. बाकी रान पडीक. कोपरा कुणाच्या पक्षामुळं उगवला, यावरून दोघांचं बोलणं पुन्हा बंद झालं.

त्या कोपऱ्यातला मका दोन्ही घरांना सव्वा महिना पुरला. मग गुरांच्या व्यापाऱ्याचा टेम्पो आला. दोन्ही बैल एकाच फळीवरून मुकाट चढले आणि अंगाला अंग लावून उभे राहिले. डावा कोण, उजवा कोण, व्यापाऱ्यानं विचारलंही नाही.